मोड

घागर काट्यावर ठेवली. आकडे जरा हलले आणि ३ किलो १४० ग्रॅमवर थांबले. दुकानदारांनी ती पुन्हा उचलली, तळाला टिचकी मारून आवाज ऐकला, पोटावरच्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि आईकडे बघून म्हणाले, "मावशी, जुना माल आहे. असा जड पत्रा आता नाही येत." आईने नुसती मान हलवली. तिला ते ठाऊकच होतं. पस्तीस वर्षांपूर्वी तिनेच अशी टिचकी मारून ती निवडली होती.

मी गळ्याखालचं नाव वाचत होते. ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आईचं नाव, आणि त्याखाली 'दिवाळी १९९०'. हे नाव घालताना मी तिथे उभी होते, नाशिकच्या याच भांडी बाजारात. तेव्हा मी दहा वर्षांची. छोटी हातोडी आणि छन्नी घेऊन बसलेला माणूस आधी नाव कागदावर लिहून मागायचा. काना-मात्रा चुकू नये म्हणून आईने ते त्याला दोनदा वाचून दाखवलं होतं. घागर मांडीवर आडवी घेऊन तो टकटक ठिपके उमटवत गेला आणि शेवटच्या अक्षरापाशी आल्यावर त्याने फुंकर मारून पितळेचा बारीक चुरा उडवला. तो चुरा उन्हात चमकला होता, एवढं मला अजून दिसतं.

"आई, ही राहू दे ना."

"का?"

"तुझं नाव आहे तिच्यावर."

"माझं आहे म्हणूनच मी देतेय," आई म्हणाली. "मोडायलाच घेतली होती."

बाबा जाऊन चार वर्षं झाली. जेलरोडचं घर आता विकायचं ठरलंय आणि आई माझ्याकडे गंगापूर रोडला येतेय. माझ्या स्वयंपाकघरात दोन ट्रॉल्या आणि एक फडताळ. त्यात आईचा पितळेचा संसार मावणं शक्य नाही. दिवाणाखालून, माळ्यावरून एकेक भांडं निघत गेलं आणि त्याबरोबर वर्षंही निघत गेली: दिवाळी १९८४, दिवाळी १९८७, माझ्या धाकट्या भावाच्या मुंजीचं १९९३. भांड्यांवरची सालं लावून पाहिली तर आमच्या घराचा जमाखर्चच लिहून होईल. ज्या वर्षांची भांडी नाहीत तीही वर्षं मला ठाऊक आहेत. ती पुन्हा याच बाजारात आली होती.

मोड हा शब्द माझ्या मुलाला समजावून सांगावा लागला. त्याला 'मोडीत काढणं' माहीत होतं, म्हणजे निकालात काढणं, टाकून देणं. आईच्या तोंडी त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे. मोड म्हणजे जुन्या भांड्याची धातू म्हणून असलेली किंमत. भांडं पोचलं, फुटलं, कंटाळा आला, तरी तांबं तांबंच राहतं आणि पितळ पितळच. दुकानात ते वजनावर जातं. कल्हईची, डागाची, आतल्या किटणाची थोडी तूट धरतात आणि उरलेल्याचा भाव लावतात. नवं भांडं घेणार असाल तर भाव जरा बरा मिळतो, रोख हवे असतील तर जरा कमी. नव्या भांड्याचा भाव आणि मोडीचा भाव यांत जे अंतर असतं ते घडणावळीचं आणि दुकानदाराच्या नफ्याचं. म्हणजे भांडं घेताना आई खरोखर खर्च करायची तो एवढाच. बाकीचे पैसे तिच्या हिशेबी खर्च झालेलेच नसायचे. ते फक्त घागरीच्या आकारात फडताळावर ठेवलेले असायचे.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. लहानपणी मला वाटायचं, आईला भांड्यांची हौस आहे. हौस होतीही. पण १९९८ साली केटीएचएम कॉलेजात माझ्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते, तेव्हा घरातला तांब्याचा बंब गेला. बाबांच्या ऑपरेशनला दोन हंडे आणि एक परात गेली. कोणापुढे हात पसरावा लागला नाही, कर्जाचा कागद झाला नाही, घरात त्यावर बोलणंही झालं नाही. आई सकाळी बसने शालिमारला उतरून पिशवी घेऊन बाजारात जायची आणि दुपारी रिकामी पिशवी घडी घालून परतायची. 'पदरमोड' म्हणतो आपण, त्या शब्दातही मोड आहे हे मी मराठीची पदवी घेऊनही कधी नीट पाहिलं नव्हतं.

बाबा नोट प्रेसमध्ये होते. नाशिक रोडच्या माणसाला हे एवढंच सांगून पुरतं. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात आणि आमच्या नेहरूनगरच्या क्वार्टर्समधल्या बहुतेक घरांतला कर्ता माणूस एक तर नोट प्रेसला, नाही तर शेजारच्या सिक्युरिटी प्रेसला. भोंग्यावर सगळी वसाहत चालायची. बाबा म्हणायचे, दिवसभर डोळ्यांसमोरून जातात ते पैसे नव्हेत, तो कागद. पैसे म्हणजे पगाराच्या पाकिटातले. ते पाकीट ते आईच्या हातात देत आणि आई ते देवापुढे ठेवून मग पाटावर बसून वाटण्या करायची. वाणसामान, दूध, शाळा, पोस्टाची आरडी, भिशी. आरडीचे पैसे न्यायला पोस्टाच्या एजंट असलेल्या एक बाई दर महिन्याला घरी यायच्या. चहा घ्यायच्या, पासबुकावर नोंद करून आणायच्या, जाताना कोणाच्या मुलीचं कुठे ठरलं तेही सांगून जायच्या. त्या आल्या आणि आईकडे पैसे नसले असं कधी झालं नाही, कारण माणूस दारात येणार आहे हे ठरलेलं होतं. माझी एसआयपी महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून आपोआप जाते. सोय मोठी आहे. पण ती गेली की राहिली, हे मला मेसेज वाचल्याशिवाय कळत नाही.

घरात माल भरून ठेवणं हीसुद्धा तिची बचतच होती. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू यायचा, बहुतेक लोकवन. गच्चीवर चादरींवर पसरून दोन उन्हं द्यायची, मग निवडायचा, कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालून कोठीत भरायचा. लासलगावकडून उन्हाळ कांद्याच्या दोन गोण्या यायच्या आणि दिवाणाखाली पसरल्या जायच्या. घरभर तो वास. पावसाळा संपता संपता बाजारात कांदा चढला की शेजारणी विचारत, "तुमच्याकडे आहे का हो अजून?" आणि आई चार कांदे द्यायची. तिला कोणी अर्थशास्त्र शिकवलं नव्हतं. पीक हाताशी येतं तेव्हा घ्यायचं आणि टंचाई होते तेव्हा बाजारात जायचं नाही, एवढं तिला कळत होतं. त्यासाठी घरात जागा लागते, हातात उन्हाळ्याचा वेळ लागतो आणि एप्रिलमध्ये एकरकमी पैसे लागतात. यातलं माझ्याकडे एकही धड नाही. मी पाच किलोचं पीठ मागवते.

पण मला मनापासून सलतं ते हे नाही. मला सलतो तो 'बचत' या शब्दाचा झालेला बदल.

परवा घरी सामान आलं. तेल, साबण, डाळी, मुलासाठी काहीबाही. ऑर्डर पूर्ण झाली तशी फोनच्या पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उधळले गेले आणि खाली अक्षरं आली: या खरेदीवर तुम्ही ४१२ रुपये वाचवले. आई शेजारी बसली होती. तिने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "कुठे आहेत?"

मी तिला समजावायला गेले की छापील किंमत इतकी, आपल्याला पडलं इतकं, मधला फरक म्हणजे... आणि बोलता बोलता थांबले. खात्यातून १,८७६ रुपये गेले होते. त्यातला बॉडीवॉश मी घेतला होता, कारण आणखी दीडशेची खरेदी झाली की घरपोच आणण्याचे पैसे लागणार नव्हते. आईच्या भाषेत बचत म्हणजे खर्चून उरलेलं. माझ्या फोनच्या भाषेत बचत म्हणजे खर्च करताना झालेलं काहीतरी. जितकी जास्त खरेदी, तितकी जास्त बचत. शब्द तोच राहिला आणि आतला माल बदलला, आणि आम्ही दोघी एकाच खोलीत बसून तो शब्द दोन अर्थांनी वापरतो.

हे काही आपोआप घडत नाही, घडवलं जातं. टोपलीत न विचारता टाकलेली वस्तू किंवा देणगी, 'फक्त दोनच उरले' अशी खोटी घाई, शेवटच्या पायरीला हळूच वाढलेली किंमत, नको म्हणणाऱ्याला ओशाळवाणं करणारी वाक्यं. या सगळ्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नावं दिली आहेत, तब्बल १३ प्रकार, आणि त्यांना मनाई केली आहे. ती यादी वाचताना मला एकेक प्रसंग आठवत गेला. हप्त्यांचंही तसंच. माझ्या मुलाने फोन घेतला तो 'बिनव्याजी' हप्त्यांवर. शून्य टक्के व्याज असं काही मुळात नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलं होतं. व्याज असतं, ते किमतीत दडवलेलं असतं किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही त्यात असतं. आई ज्या दुकानातून उधार आणायची त्यांच्या वहीत निदान आकडा उघड लिहिलेला असायचा आणि महिनाअखेर तो आपल्यासमोर काट मारून खोडला जायचा.

गेल्या वर्षी आमचा मिक्सर बंद पडला. जेमतेम सव्वातीन वर्षं वापरलेला, ऑनलाइन घेतलेला, भरपूर चांदण्या मिळालेला. दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण उघडलं, आतला एक प्लास्टिकचा दातेरी भाग दाखवला, बोटाच्या पेराएवढा. तेवढाच तुटला होता. "हा सुटा मिळत नाही ताई. पूर्ण खालचा सेट येतो, आणि तोही आता बंद केलाय कंपनीने. नवाच घ्या." मी पंधरा दिवस तो भाग शोधला. कंपनीच्या नंबरावर चार वेळा बोलले. शेवटी भंगारवाल्याला दिला. त्याने काट्यावर न ठेवताच नुसता हातात तोलला, आतली तांब्याची तार किती निघेल याचा अंदाज केला आणि साठ रुपये दिले. साडेतीन हजारांच्या वस्तूत खरी म्हणावी अशी तेवढी तारच होती. त्या दिवशी मला आईच्या बंबाची आठवण झाली. बंब विकला तेव्हा आम्हाला पैसे मिळाले. मिक्सर विकला तेव्हा मला फक्त कळलं की पैसे केव्हाच गेले होते, डबा उघडला तेव्हाच.

आईचं सगळं शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलाने हिशेब मांडला. घागर तेव्हा अडीचशेच्या घरात पडली होती. आज मोडीचे त्याच्या पाचपटीहून थोडे जास्त मिळतायत. तो म्हणाला, "आजी, तेच अडीचशे बँकेत मुदत ठेवीत फिरवत ठेवले असतेस तर कितीतरी जास्त झाले असते." हे बरोबर आहे, गणितात चूक नाही. आईने शांतपणे विचारलं, "आणि पाणी कशात भरलं असतं?"

त्याला उत्तर सुचलं नाही, मलाही नाही. पस्तीस वर्षं त्या घागरीने पाणी भरलं, लग्नाकार्यात शेजारीपाजारी गेली, गौरींच्या पुढे उभी राहिली, आणि वर पैसे परत दिले. देशाच्या हिशेबात मात्र अशी घागर बचतीत धरत नाहीत. ती घरखर्चात जाते. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली, कित्येक दशकांतली सर्वांत कमी, अशी बातमी वाचली तेव्हा मला वाटलं, यात आईसारख्यांच्या फडताळावरची बचत कधी मोजलीच गेली नव्हती. आणि आता ती फडताळंही रिकामी होताहेत. स्टील आलं तेव्हाच खरं तर हे सुरू झालं. घासायला सोपं, कल्हईची कटकट नाही, आंबट चालतं. मीही स्टीलच वापरते. पण स्टीलची मोड पितळेच्या पासंगालाही पुरत नाही. आणि नॉनस्टिकला तर मोड हा शब्दच लागू नाही.

फोनवरच्या पैशांना नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात मी अजून जाते. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. तिथे दिंडोरीकडच्या एक आजी मेथी-शेपू घेऊन बसतात. पूर्वी सुट्ट्यांवरून रोज कोणाशी तरी वाजायचं, संध्याकाळी चिल्लर मोजायला नातू लागायचा. आता त्यांच्या पाटीपुढे ठोकळा असतो आणि 'वीस रुपये प्राप्त झाले' असं तो ओरडून सांगतो. त्या म्हणाल्या, "पैसा थेट खात्यात पडतो बाई. घरी नेला की मागणारे हात फार." यूपीआय २०१६ च्या एप्रिलमध्ये आलं, त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरला हजार-पाचशेच्या नोटा बंद झाल्या. बाबा तेव्हा निवृत्त होऊन बसले होते आणि त्यांचे जुने सोबती प्रेसमध्ये सुट्टी न घेता नोटा छापत होते. बाबा रोज संध्याकाळी फाटकापर्यंत चालत जायचे, कोणी बाहेर पडलं की विचारायचे, किती निघाल्या आज? घरी येऊन काही बोलायचे नाहीत. त्या महिन्यात आईने किराण्याला जाणंच बंद केलं. कोठीत गहू होता, डब्यात डाळ होती. ती म्हणाली, "आपल्याला काय घाई आहे?"

हा प्रश्न मी हल्ली स्वतःला विचारते, दहा मिनिटांत दारात वस्तू येते त्या दिवसांत. रात्री अकराला आइस्क्रीम, सकाळी सातला कोथिंबीर. आणणारा मुलगा जिना धापा टाकत चढतो. भांडं घ्यायचं तर आई दसऱ्यापासून बोलायला लागायची. मेन रोडवरून एकदा नुसती चक्कर, भाव विचारून यायचं. मग घरी येऊन वजनाचा हिशेब, मग भिशी लागते का याची वाट, आणि धनत्रयोदशीला खरेदी. जवळजवळ तीन आठवडे ती घागर आमच्या घरात नसूनही होती. जेवताना तिच्याबद्दल बोलणं व्हायचं. बाबा विचारायचे, "खरंच लागते का?" आणि आईला त्याचं उत्तर तयार ठेवावं लागायचं. हा प्रश्न विचारणारं माणूस माझ्या खरेदीत आता कुठेच नाही. मी एकटी, फोन, आणि रात्रीचे साडेअकरा.

तर दुकानात काट्यावर घागर होती. दुकान तसं जुनंच आहे, पण पोटमाळ्यावर रचलेल्या मालाची पद्धत मी प्रथमच नीट पाहिली. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती लागलं ते बघून इथली माणसं खालचा माल वर चढवतात. २०१९ च्या पुरात वेळ कमी मिळाला होता, असं दुकानदार म्हणाले. "पण मावशी, आमचा माल धुतला की पुन्हा नवा. शेजारच्यांचं कापड गेलं." भिंतीवर कंबरेच्या उंचीला पाण्याची पुसट रेघ होती आणि तिच्या वर-खाली पितळ सारखंच झळकत होतं.

सगळं मिळून अकरा किलो आणि वर थोडं भरलं: घागर, दोन डबे, एक तपेलं, समई. त्यांनी आकडेमोड करून रक्कम सांगितली आणि माझ्या फोनकडे पाहिलं. "ताई, टाकून देऊ?" आई मध्ये पडली. "रोख नको, खात्यात पण नको. लहान कळशी दाखवा."

"आता कळशी कोणाला, आई?" माझ्या घरात जागा नाही म्हणून तर आम्ही आलो होतो.

"तुझ्या भाचीला. पुढच्या महिन्यात वर्षाची होईल ती. कळशी लहान असते, कुठेही मावते."

चार कळश्या समोर आल्या. आईने एकेकीला टिचकी मारली. तिसरीला पुन्हा मारली, कान जवळ नेऊन. पातळ पत्र्याचा आवाज वेगळा. जाडाचा वेगळा. तिने मला ऐकवलं. मला फरक कळला, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी का होईना कळला याचा मला आनंद झाला. तिसरी कळशी काट्यावर चढली, १ किलो ६८० ग्रॅम. उरलेले पैसे आईने मोजून घेतले, एक पाचशेची नोट उजेडाकडे धरून पाहिली, बाबा धरायचे तशी, आणि बटव्यात ठेवली.

दुकानदारांनी ड्रॉवरमधून विजेचं पेन काढलं. छन्नी-हातोडीचा माणूस आता नाही. ते कळशी फिरवून गळ्याखालची जागा बघायला लागले. "नाव काय घालायचं, मावशी? बाळाचं?"

आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग काउंटरच्या कडेला बाजूला ठेवलेल्या घागरीकडे, जिच्यावरून माझा हात अजून निघाला नव्हता.

"नाव राहू द्या," ती म्हणाली. "नुसतं साल टाका."